शनिवारची ड्यूटी आणि रविवारचं कुलूप

पत्राचा सारांश: एक वाचक ताई अमेरिकेतून लिहितात. मूळच्या पुण्याच्या, सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट घरातल्या, म्हणजे शनिवार पवित्र मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, पाळतात. न्यू जर्सीतल्या बर्गन काउंटीत राहतात आणि एच-वन-बी व्हिसावर एका इस्पितळाच्या लॅबमध्ये चार वर्षांपासून टेक्नॉलॉजिस्ट आहेत. ग्रीन कार्डची फाईल चालू आहे. आजवर शनिवारची पाळी एक सहकारी आपसात बदलून घेत असे. तो आता नोकरी सोडून गेला. पुढच्या महिन्यापासूनच्या नव्या वेळापत्रकात दर तिसऱ्या शनिवारी सकाळी सात ते साडेतीन अशी ड्यूटी सगळ्यांना सक्तीची झाली आहे, आणि "कोणालाच सूट नाही," असं सुपरवायझरनं तोंडी सांगितलंय. मंडळीतले (चर्चमधले) एक वडील, म्हणजे एल्डर, म्हणतात, ही भविष्यवाणीतल्या, रविवार सक्तीनं पाळायला लावणाऱ्या कायद्याची नांदी आहे, परीक्षेचा काळ आलाय, राजीनामा द्या. नवरा म्हणतो, देव समजून घेईल, व्हिसा समजून घेणार नाही. त्यातच काउंटीत रविवारी दुकानं बंद ठेवण्याचा कायदा उठवा, म्हणून सह्यांचा कागद फिरतोय. नवऱ्याला कपड्यांचं दुकान काढायचंय, म्हणून तो सही कर म्हणतो. वडीलही तेच म्हणतात. ताईंना मात्र रविवारची शांतता आवडते, आणि ती आवडते म्हणून अपराधी वाटतं. "मी कोणाचं ऐकू?"

ताई,

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात आल्यात. आधी गाठ सोडवू. इस्पितळाचं वेळापत्रक म्हणजे रविवारचा कायदा नव्हे. बर्गनचा कायदा उद्या उठला तरी तुमची शनिवारची ड्यूटी जागची हलणार नाही, आणि ड्यूटी सुटली तरी कपड्यांच्या दुकानांना रविवारी कुलूप राहणारच. एकीचा राग दुसरीवर काढून काही साधत नाही.

दुसरं म्हणजे, वडील आणि तुमचे यजमान एकमेकांच्या अगदी विरुद्ध बोलतात असं तुम्हाला वाटतंय, पण दोघांनी एक गोष्ट सारखीच धरून चाललीय. वाटा दोनच आहेत: राजीनामा द्या, नाहीतर मान तुकवा. तुमचं पत्र दोनदा वाचलं, त्यात एक गोष्ट कुठेच नाही. तुम्ही इस्पितळाकडे लेखी मागणी केलेलीच नाही. सुपरवायझरनं कॉरिडॉरमध्ये काढलेलं एक वाक्य म्हणजे संस्थेचा नकार नव्हे.

अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण पंधरा किंवा त्याहून जास्त नोकर असलेल्या मालकांना लागू आहे. धार्मिक आचरण आणि काम यांची टक्कर झाली, तर मालकानं सोय करून द्यायची, धंद्यावर अवाजवी बोजा पडत असेल तरच नाकारायची, अशी तरतूद त्यात १९७२ मध्ये घातली गेली. हा कायदा नागरिकत्व विचारत नाही. अमेरिकेत काम करणाऱ्या सगळ्यांना त्याचं संरक्षण आहे, एच-वन-बीवाल्यांनाही.

पण तो बरीच वर्षं दात नसलेला होता. १९७७ मध्ये एका विमान कंपनीतल्या, शनिवार पाळणाऱ्या हार्डिसन नावाच्या कर्मचाऱ्याचा दावा सर्वोच्च न्यायालयानं फेटाळला, आणि क्षुल्लकापेक्षा जरा जास्त खर्च आला तरी मालक नाही म्हणू शकतो, असा अर्थ त्यातून निघाला. मंडळीत शनिवारच्या कामापायी नोकरी गेल्याच्या जुन्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील, तर त्या बहुधा याच काळातल्या. हे चित्र जून २०२३ मध्ये बदललं. पेनसिल्व्हेनियातले जेराल्ड ग्रॉफ हे टपाल खात्यात होते. रविवारी पार्सलं वाटायची वेळ आली तेव्हा त्यांनी नकार दिला. न्यायालयानं एकमतानं सांगितलं की क्षुल्लक खर्चाची सबब चालणार नाही, त्या विशिष्ट धंद्याचा विचार करता खर्चात भरीव वाढ होते, हे मालकानं दाखवायला हवं. सहकाऱ्यांची नुसती कुरकुर, किंवा कुणाला धर्माचंच वावडं असणं, याला बोजा म्हणत नाहीत. वडिलांना हे जरूर सांगा: तुमच्या शनिवारची बाजू आज भक्कम झालीय ती रविवार पाळणाऱ्या एका माणसानं भांडण केलं म्हणून.

न्यू जर्सीचा भेदभावविरोधी कायदाही आहे. तो लहान मालकांनाही लागू होतो आणि धार्मिक सोयीचं कलम त्यात वेगळं आहे. तेव्हा छत्र्या दोन आहेत.

आता कागद उचलण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा, आणि याचं उत्तर वडिलांकडून घेऊ नका. तुमचा नकार नेमका कशाला आहे? शनिवारच्या नेहमीच्या पाळीला, की शनिवारच्या कुठल्याही कामाला? लॅबमध्ये हा फरक मोठा आहे. रक्तपेढीला क्रॉसमॅच (रक्त जुळतं का याची तपासणी) हवा असतो तेव्हा समोर रुग्ण असतो. खड्ड्यात पडलेलं मेंढरू शब्बाथला बाहेर काढायचं की नाही, हा प्रश्न बायबलमधल्या मत्तयाच्या बाराव्या अध्यायात आहेच, आणि अ‍ॅडव्हेंटिस्ट इस्पितळांतही शनिवारी दिवे चालू असतात. काही जण तातडीची सेवा करतात आणि नेहमीचं काम टाळतात, तर काही जण दोन्ही टाळतात. तुमची रेघ जिथे असेल तिथेच ती लिहा. "हिमवादळ किंवा मोठा अपघात असेल तर बोलवा, येईन" हे तुम्हाला मनापासून पटत असेल तर लिहा. मालकाला खूश करायला म्हणून लिहू नका, कारण पुढच्या वर्षी तेच वाक्य तुमच्यासमोर धरलं जाईल.

मग ई-मेल. मनुष्यबळ विभागाला लिहा आणि सुपरवायझरला प्रत ठेवा. पाच गोष्टी पुरेत: शब्बाथ पाळणं ही तुमची मनापासूनची धार्मिक श्रद्धा आहे, तो कधी सुरू होतो आणि कधी संपतो, नव्या वेळापत्रकातल्या कुठल्या तारखा आड येतात, तुम्ही त्याऐवजी काय द्यायला तयार आहात, आणि भेटून बोलायची विनंती. "मला शनिवारी सुट्टी बरी पडेल" असं चुकूनही लिहू नका. बरं पडणं ही आवड झाली, आणि आवडीला कायद्याचं संरक्षण नाही. प्रवचनही नको. दशाज्ञा मनुष्यबळ विभागाला समजावून सांगायची गरज नाही.

वेळ लिहिताना "शनिवार" एवढंच लिहिणं ही हमखास होणारी चूक आहे. तुमच्या भागात डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, आणि जूनअखेर साडेआठच्या. म्हणजे डिसेंबरातल्या शुक्रवारी साडेतीनची पाळी संपवून तुम्ही वेळेत घरी पोचाल, पण एक तास ओव्हरटाइमला थांबवलं तर शब्बाथ वाटेतच लागेल. हे आधी लिहिलं नसेल, तर त्या शुक्रवारी तुम्ही अर्ध्यावर काम टाकून पळालात असं दिसेल. उलट डिसेंबरातल्या शनिवारी संध्याकाळी पाचनंतर तुम्ही मोकळ्या असता. रात्री अकराची पाळी तर बारा महिने चालते. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं सरकतात तेव्हा सूर्यास्तही तासाभरानं उडी मारतो, तेवढं लक्षात ठेवा. पुढच्या सहा महिन्यांच्या शुक्रवार-शनिवारचे सूर्यास्त एका तक्त्यात घालून ई-मेलला जोडा. मनुष्यबळ विभागातल्या माणसाला श्रद्धा मोजता येत नाही, तक्ता वाचता येतो.

देण्याघेण्याचा हिशेब असा. दर तिसरा शनिवार म्हणजे वर्षाला सतरा पाळ्या. त्या बदल्यात सतरा रविवार, आणि वर चार-पाच शनिवारच्या रात्रपाळ्या किंवा थँक्सगिव्हिंगसारख्या मोठ्या सुट्ट्यांची ड्यूटी देऊ करा. लॅब रविवारीही चालते आणि रविवार कुणालाच नको असतो. तुमच्या सहकाऱ्यांपैकी दोघं-तिघं चर्चला जाणारे असतील, त्यांना आधी विचारा, आणि त्यांची तयारी असेल तर त्यांची नावंही ई-मेलमध्ये द्या. पाळी आपसात बदलणं हीच सगळ्यात स्वस्त सोय, आणि ती नाकारताना मालकाला खर्च दाखवणं फार जड जातं. इस्पितळात युनियन असेल तर करारातलं ज्येष्ठतेचं कलम मात्र आधी वाचा. तुमच्यापेक्षा ज्येष्ठ माणसाचा करारातला हक्क मोडून तुम्हाला सोय द्या, असं कुठलंच न्यायालय म्हणत नाही. हार्डिसन नेमके तिथेच अडकले होते.

गोष्टी बिघडतात त्या पुढच्या ठिकाणी. सगळं बोलणं तोंडी राहतं. म्हणून प्रत्येक बैठकीनंतर त्याच दिवशी "आज आपलं असं ठरलं" अशा चार ओळी पाठवा. कोव्हिडच्या काळात तुम्ही चार शनिवार काम केलं असेल तर ते लपवू नका. माणूस आयुष्यभर एकसारखाच कर्मठ असावा अशी कायद्याची अट नाही, पण लपवलेलं बाहेर आलं की श्रद्धेवरच शंका घेतली जाते. ई-मेल आणि वेळापत्रकांच्या प्रती घरी ठेवा, मात्र रुग्णाचं नाव किंवा नमुन्याचा क्रमांक असलेला एकही कागद घरी पाठवू नका. शनिवार राहील बाजूला, नोकरी त्यापायीच जाईल. आणि उत्तर येण्याआधी पाळी लागलीच, तर रजा टाका. न सांगता गैरहजर राहू नका.

पाळकांचं पत्र कायद्यानं सुरुवातीला लागत नाही, पण मागितलं तर द्या. तुमच्या मंडळीच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे प्रादेशिक संघटनेत, धार्मिक स्वातंत्र्याचं काम बघणारा विभाग असतो, आणि शनिवारच्या नोकऱ्यांचे प्रश्न हे त्यांचं रोजचं काम. पहिला ई-मेल पाठवण्याआधी मसुदा त्यांना दाखवा. भविष्यवाणीवर बोलणारे वडील आणि अर्जावर बोलणारा हा विभाग, दोन्ही तुमच्याच मंडळीत आहेत.

लेखी नकार आला, तर समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार करायला न्यू जर्सीत ३०० दिवस मिळतात. राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे १८० दिवस. दिवस नकाराच्या तारखेपासून मोजायचे, मनस्ताप संपल्यापासून नव्हे. मनुष्यबळ विभाग "बघू, बघू" म्हणत असला तरी घड्याळ चालूच असतं.

राजीनाम्याबद्दल स्पष्ट सांगते: आत्ता देऊ नका. ग्रॉफ यांनीही शेवटी राजीनामा दिला होता, पण त्याआधी मागणी आणि कारवाई यांचा कागदोपत्री माग होता. तुमच्याकडे आज कागदाचा एक चिटोराही नाही. शिवाय नोकरी सुटल्यावर एच-वन-बीवर जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते, आणि तुमचा मुक्कामाचा कागद त्याआधी संपत असेल तर तीही तेवढीच. ग्रीन कार्डची फाईल कुठल्या टप्प्यावर आहे यावर बरंच काही ठरतं. तो प्रश्न इमिग्रेशनच्या वकिलाचा. यजमानांची भीती खोटी नाही, पण "देव समजून घेईल" हे वाक्य त्यांनी तुमच्या वतीनं बोलायचं नाही. तेवढं त्यांना प्रेमानं सांगा.

आता रविवारचं कुलूप. न्यू जर्सीच्या १९५९ च्या कायद्यानं हा निर्णय काउंट्यांवर सोडला, आणि २१ काउंट्यांपैकी आता एकट्या बर्गननं तो धरून ठेवलाय. कपडे, फर्निचर, घरातली उपकरणं, बांधकामाचं सामान रविवारी विकायला बंदी. दूध मिळेल, औषध मिळेल, पेट्रोल मिळेल, पण मोज्यांचा जोड हवा असेल तर शेजारच्या काउंटीत जा. काउंटीतल्याच पॅरामस गावाचे नियम याहून कडक आहेत. १९९३ मध्ये मतदान झालं तेव्हाही लोकांनी कायदा ठेवला. त्यामागे भक्तीपेक्षा मॉलची गर्दी आणि रूट ४ व रूट १७ वरची वाहतूक जास्त आहे, हे तिथे राहून तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत.

पण मूळ धार्मिक आहे, हेही खरं. इसवी सन ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइननं सूर्याच्या दिवशी न्यायालयं आणि कारागिरी बंद ठेवायला सांगितली, शेतकऱ्यांना सूट दिली. अमेरिकेत १८८८ मध्ये सिनेटर ब्लेअर यांनी देशभरासाठी रविवारचं विधेयक आणलं. तुमच्याच मंडळीच्या लोकांनी वॉशिंग्टनला जाऊन त्याला विरोध केला आणि ते बारगळलं. त्याच काळात टेनेसी आणि अर्कान्सास भागात रविवारी शेत नांगरलं म्हणून अ‍ॅडव्हेंटिस्ट शेतकऱ्यांवर खटले झाले. वडिलांची भीती हवेतून आलेली नाही, ती त्यांच्या पणजोबांच्या पिढीची आठवण आहे.

वडिलांची भविष्यवाणी ज्यावर उभी आहे त्या, बायबलच्या प्रकटीकरण पुस्तकातल्या श्वापदाच्या खुणेचा अर्थ लावणं हे या सदराचं काम नाही. पण समोर काय आहे ते बघता येतं. २०२३ मध्ये एका मोठ्या विचारगटाच्या धोरण-पुस्तकात शब्बाथच्या कामाला दीडपट मजुरी द्यावी आणि तो दिवस साधारणपणे रविवार धरावा, अशी सूचना आली. मंडळीत फिरतंय ते बहुधा हेच. ती सूचना आहे, कायदा नव्हे. तिच्यात वेगळा दिवस पाळणाऱ्या मालकांसाठी सवलतीचं वाक्य आहे. नोकराच्या शनिवारचं काय, ते नाही. आक्षेप घ्यायचा तर नेमका इथे घ्या. त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही.

आणि वडिलांना एक प्रश्न विचारून बघा. शनिवार सगळ्यांवर लादणारा कायदा आला तर चालेल का? बायबलमधल्या नहेम्यानं शब्बाथला यरुशलेमच्या वेशी बंद करून व्यापाऱ्यांना बाहेर ठेवलं होतं. कनेक्टिकटनं शब्बाथ पाळणाऱ्याला त्या दिवशी काम न करण्याचा बिनशर्त हक्क दिला, तर १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदाच रद्द केला, कारण त्यात इतरांच्या सोयीचा विचारच नव्हता. सरकारनं सगळ्यांना विसावा मिळेल हे बघणं वेगळं आणि दिवस कुठला पवित्र ते ठरवणं वेगळं. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली आणि १० जून १८९० पासून ती मिळाली. रविवारच का, तर खंडोबाचा वार, असंही सांगितलं जातं. तिथे भांडण चर्चसाठी नव्हतं, आठवड्यातून एकदा पाठ टेकायला मिळावी यासाठी होतं. उलट कोकणातले बेने इस्रायली ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. कुठला कायदा त्यांच्या मागे नव्हता आणि आडही नव्हता. घाणा स्वतःचा होता ना! तुमचा घाणा इस्पितळाचा आहे, म्हणून अर्ज करावा लागतो.

यजमानांच्या दुकानाचं गणित मात्र त्यांनी नीट मांडावं. १९६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्यू दुकानदारांनी हीच तक्रार नेली होती, आणि तेही कपडे आणि घरसामानच विकत होते. शनिवारी धर्मानं बंद, रविवारी कायद्यानं बंद, धंदा चालायचा कसा? ते हरले. हा कायदा आता विश्रांतीसाठी आहे, धर्मासाठी नाही, असं न्यायालय म्हणालं. तेव्हा बर्गनमध्ये कपड्यांचं दुकान म्हणजे पाच दिवसांचा धंदा आणि सात दिवसांचं भाडं. तेच दुकान काउंटीची हद्द ओलांडून हडसन किंवा पसेइकमध्ये काढलं तर रविवार मिळतो. भाडेकरार करण्याआधी गावाच्या लिपिकाकडे विचारायचं ते एवढंच: ही जागा नेमकी कुठल्या काउंटीत आणि गावाचा वेगळा नियम आहे का.

राहिला सह्यांचा कागद. तुमच्यापुरता हा पेच नाहीच, कारण काउंटीत मतदान घेण्यासाठीचा अर्ज नोंदणीकृत मतदारांचा असतो. तुम्ही आणि यजमान नागरिक नाही, तुमची सही मोजली जाणार नाही. सही गोळा करणारी मुलगी भाबडेपणानं "मतदार नसाल तर हाही फॉर्म भरा" म्हणत नोंदणीचा कागद पुढे करेल, त्याला हातही लावू नका. नागरिक असल्याचा खोटा दावा, चुकून केलेलाही, ग्रीन कार्डच्या फाईलला कायमचा खोडा घालू शकतो. बोलायला मात्र बंदी नाही. गावाच्या सभेत उभं राहून तुमचं मत मांडता येतं, आणि ते "कायदा नको, पण रविवारची शांतता मला आवडते" असंही असू शकतं. दुसऱ्यावर लादलेली म्हणून एखादी गोष्ट नाकारायची आणि ती आवडतेही हे कबूल करायचं, यात अपराध कसला?

वेळापत्रक पुढच्या महिन्यापासून लागू आहे असं तुम्ही लिहिलंय. पाळ्या पक्क्या व्हायच्या किमान दोन आठवडे आधी ई-मेल गेला पाहिजे, म्हणजे या आठवड्यात. मसुदा आज रात्री लिहा, उद्या कॉन्फरन्सच्या विभागाला दाखवा, आणि सूर्यास्ताचा तक्ता जोडायला विसरू नका.